हवामान सांगणारे जुने रेडिओ : अल्प मोलाचा संग्रह

दिवाळीपूर्वी घर आणि दुकान झाडण्याची वेळ आली, की माळ्यावरून उतरणाऱ्या सामानात एखादा जुना रेडिओ हमखास निघतो. कधी तो लाकडी पेटीचा, कापडी जाळीमागे ध्वनिक्षेपक असलेला. कधी चामडी पिशवीत घातलेला, मोठ्या सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर. वाजत नाही म्हणून त्याची कोणी विचारपूस करीत नाही आणि पितळी भांड्यासारखे त्याला वजनाचे मोलही येत नाही. मग रद्दीच्या गठ्ठ्याबरोबर तो भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. ज्या वस्तूच्या शब्दावर वखारीतील माल झाकायचा की उघडा ठेवायचा हे एके काळी ठरत असे, तिची अशी बोळवण होणे बरे नव्हे. अल्प खर्चात जपता येईल आणि घरातील आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना रमवील, असा छंद या पेटीत दडलेला आहे.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, केवळ हवामान ऐकण्यासाठी वेगळे रेडिओ बनत आले आहेत. तेथील सरकारी हवामान सेवा १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील ७ ठरावीक लहरींवर दिवसरात्र हवामानवार्ता देते. १९७० च्या दशकात तेथे लहान ठोकळ्याच्या आकाराचे, एक कळ दाबताच हवामान सांगणारे स्वस्त संच घरोघरी पोहोचले. आज ते जुन्या बाजारात थोड्या पैशांत मिळतात आणि हौशी मंडळी ते आवडीने जमवतात. भारतातील संग्राहकाने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या प्रक्षेपणाचा पल्ला साधारण ६५ किलोमीटरांचा असतो आणि आपल्याकडे त्या लहरींवर हवामानाचे प्रसारण होत नाही. परदेशी नातेवाइकाने हौसेने तसा संच आणला, तर तो शोभेला उरेल; त्यातून शब्द उमटणार नाही.

आपल्याकडे हवामानाचा रेडिओ म्हणून निराळी वस्तू बनलीच नाही. आकाशवाणी ऐकवणारा प्रत्येक साधा संच हाच आपला हवामानाचा रेडिओ होता. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९३२ मध्ये पुण्यातच कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. इकडे मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते, १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले आणि १९५३ मध्ये पुण्याला केंद्र मिळाले. या दोन संस्थांची गाठ पडली ती १९४५ मध्ये. त्या वर्षी हवामान विभागाने शेतकऱ्यांसाठी खास वार्तापत्र तयार करण्यास आरंभ केला आणि ते नभोवाणीवरून वाचले जाऊ लागले. वेधशाळेचा अंदाज तारेने मोठ्या शहरांपर्यंत पूर्वीही जात असे. आता तो गावच्या पारापर्यंत येऊ लागला.

या वार्तेचे मोल समजून घेण्यासाठी पुणतांब्याचे उदाहरण बोलके आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे गोदाकाठचे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे आणि अहिल्याबाईंच्या घाटामुळे पूर्वीपासून ख्यात आहे. जून २०१७ च्या शेतकरी संपामुळे ते देशभर ठाऊक झाले. भोवतालचा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस बेताचा, तोही लहरी. गोदावरी कालव्यांमुळे मात्र ऊस, गहू, फळबागा आणि कांदा अशी पिके उभी राहतात. अशा गावात पावसाची बातमी दोन अंगांनी महत्त्वाची ठरते. पाऊस कधी येणार, ही चिंता शेताची. काढून ठेवलेल्या मालावर तो नको त्या वेळी तर येणार नाही ना, ही चिंता शेतकऱ्याची आणि व्यापाऱ्याचीही. एप्रिल-मे महिन्यांत काढलेला उन्हाळी कांदा चाळीत जाण्यापूर्वी वळवाच्या एका सरीत भिजला, तर पुढे तो सडतो. मग भाव कितीही चढला तरी चाळीतून निघतो तो कुजका ढीग.

गोदाकाठाला आणखी एक विचित्र अनुभव नेहमीचा आहे. गावावरचे आकाश निरभ्र असते, अंगणात थेंब पडलेला नसतो, आणि तरीही नदी फुगत जाते. कारण गोदावरीचे पाणी येते ते नाशिक-त्र्यंबकेश्वराकडील सह्याद्रीच्या माथ्यावरून. तेथे कोसळलेला पाऊस गंगापूर-दारणा धरणांतून आणि नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून खाली येतो, तेव्हा घाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात. नदीकाठच्या माणसाला म्हणूनच आपल्या डोक्यावरच्या ढगापेक्षा घाटमाथ्यावरच्या ढगाची बातमी अधिक मोलाची. ती डोळ्यांना दिसत नाही. ती कानांनीच मिळवावी लागते.

हवामानवार्तेसाठी राज्याचे चार विभाग मानले जातात: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. पुणतांबे मध्य महाराष्ट्रात मोडते. परंतु गोदावरी ओलांडून थोडे पुढे गेले की वैजापूर तालुका लागतो, म्हणजे मराठवाडा. त्यामुळे येथील जाणता श्रोता एका विभागावर विसंबून राहू शकत नाही. मध्य महाराष्ट्राचा अंदाज ऐकताना त्याने घाटमाथ्याचा उल्लेख टिपायचा आणि मराठवाड्याचा अंदाज सुरू झाला तरी कान तसाच लावून ठेवायचा. पेरणीच्या दिवसांत ही सारी चार-दोन मिनिटांची वाक्ये घरातील वडीलधारी माणसे जीव लावून ऐकत. मुलांनी तेवढा वेळ आवाज न करणे हा अनेक घरांतला अलिखित नियम होता.

त्या वाक्यांची भाषाही मुलांना समजावून द्यावी अशी आहे. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ हे शब्द ऐकणाऱ्याला मोघम वाटतात. प्रत्यक्षात त्यांना माप आहे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’ म्हणायचे. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतेक सर्व ठिकाणी’. तसेच २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर तो ‘मुसळधार’, ११५.६ मिलिमीटरच्या पुढे ‘अतिमुसळधार’. निदान २.५ मिलिमीटर पाऊस पडला तरच तो दिवस ‘पावसाचा दिवस’ म्हणून मोजला जातो. वजनमापाचा काटेकोरपणा ज्यांच्या व्यवसायाचा पाया आहे, त्या घरांना ही शिस्त सहज उमजेल. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ ऐकूनही आपल्या गावी ऊन पडले, तर वेधशाळा चुकली असे होत नाही. चारांपैकी तीन ठिकाणे कोरडी राहतील हे त्या शब्दातच सांगितलेले असते.

व्यापारी घराच्या दृष्टीने या वार्तेत एक नैतिक गोष्टही आहे. पूर्वी दूरच्या पावसाची खबर तारेने किंवा पत्राने येई आणि ती प्रथम ज्याला मिळे त्याच्या हाती बाजार असे. पेढीला कळलेली बातमी शेतकऱ्याला चार दिवसांनी कळे, आणि त्या चार दिवसांत सौदे होऊन जात. नभोवाणीने हे अंतर मिटवले. आडत दुकानाच्या गादीवर बसलेला शेठ, हिशेब लिहिणारा दिवाणजी, माल घेऊन आलेला शेतकरी आणि पाठीवर पोते वाहणारा हमाल, हे सारे एकच वाक्य एकाच क्षणी ऐकू लागले. पाऊस लांबणार हे सर्वांना ठाऊक असताना ठरलेला भाव आणि एकालाच ठाऊक असताना ठरलेला भाव, या दोहोंत फार मोठे अंतर आहे. दुकानाच्या फळीवर रेडिओ मोठ्या आवाजात लावून ठेवणे ही वरवर करमणुकीची गोष्ट दिसते. परंतु त्यायोगे दुकानदार आपल्याजवळची बातमी समोरच्याच्या हाती देत असे. सचोटीच्या व्यापाराचे हे लहानसे साधन होते.

एकत्र ऐकण्याची ही रीत जिल्ह्याच्या इतिहासातही नोंदली गेली आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला. त्यासाठी निवडलेल्या पाच मराठी जिल्ह्यांत पुणे, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर यांच्याबरोबर अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हाही होता. सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावकरी एका रेडिओभोवती बसत, ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व मते केंद्राकडे कळवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्याचा अहवाल युनेस्कोने प्रसिद्ध केला आणि १९५९ पासून अशी मंडळे देशभर काढण्यात आली. गावात रेडिओ एकच असला तरी तो साऱ्या गावाचा असू शकतो, हे त्या दहा आठवड्यांत दिसून आले.

आता संग्रहाविषयी. संग्रह करण्याजोगे संच ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिला व्हॉल्व्हचा, विजेवर चालणारा रेडिओ. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको, एच.एम.व्ही. ही नावे त्यांच्या काचेवर आढळतात. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. कळ फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थोडा वेळ शांतता असते आणि मग आवाज हळूहळू वर येतो. असे उत्तम स्थितीतील लाकडी संच आता हौशी गिऱ्हाइकांमुळे महाग झाले आहेत. दुसरा प्रकार १९६० नंतर आलेल्या ट्रान्झिस्टरचा. सेलवर चालणारा हा संच शेताच्या बांधावर, बैलगाडीत, वखारीच्या ओट्यावर कोठेही नेता येई. हवामानवार्तेचा खरा प्रसार त्यानेच केला. १९७० आणि १९८० च्या दशकांतील प्लास्टिकच्या पेटीचे असे संच आजही अगदी अल्प मोलात मिळतात. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आणि गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांतील मागची फळी, ही ते शोधण्याची ठिकाणे. मात्र पहिला संच विकत घेण्यापूर्वी आपल्याच घराचा माळा आणि मामाचे, आत्याचे घर पाहावे.

संच पाहताना चार गोष्टी तपासाव्यात. मागचे झाकण शाबूत आहे का. सेलच्या कप्प्यातील पत्रे गंजून तुटलेले तर नाहीत ना. काटा फिरवणारा दोरा जागेवर आहे का. आणि आतील लोहचुंबकी काळी कांडी, जी मध्यमलहरीसाठी एरियलचे काम करते, ती मोडलेली तर नाही ना. पेटीवरचे ओरखडे आणि डाग यांची फारशी चिंता करू नये. आवाज वाढवण्याची कळ फिरवताना खरखर होत असेल तर तो किरकोळ दोष आहे. कळ पुष्कळदा मागेपुढे फिरवल्याने किंवा दुरुस्तीकाराने साफ करणारा फवारा मारल्याने तो बहुधा जातो. गंजलेले पत्रे बारीक पॉलिश पेपरने घासावेत आणि संच वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत.

विजेवरच्या जुन्या रेडिओबाबत मात्र अधिक सावधगिरी हवी. अनेक वर्षे पडून असलेला संच थेट भिंतीच्या प्लगला जोडू नये. आतील धारित्रे वयाने निकामी झालेली असतात आणि एकदम पूर्ण दाब मिळाला तर रोहित्र जळून जाते. जाणता दुरुस्तीकार आधी सिरीज बल्ब लावून चाचणी घेतो. बल्ब लख्ख पेटला तर आत दोष आहे हे कळते आणि संच वाचतो. व्हॉल्व्हच्या संचात २०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो धारित्रांत काही काळ शिल्लक राहतो. मुलांच्या हाती उघडा संच देऊ नये आणि स्वतःही मागचे झाकण काढून हात घालू नये. जुने दुरुस्तीकार आता थोडेच उरले आहेत. त्यांना काम मिळेल आणि त्यांची विद्या एखाद्या तरुणापर्यंत पोहोचेल, हाही या छंदाचा एक लाभ.

संच वाजू लागला की केंद्र कोठे शोधायचे? पुणे केंद्राची मध्यमलहर ७९२ किलोहर्ट्झची, मुंबईच्या ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झच्या. जुन्या काचेवर आकडे पुष्कळदा मीटरमध्ये असतात. तेव्हा ३,००,००० ला किलोहर्ट्झच्या आकड्याने भागावे. ७९२ साठी उत्तर सुमारे ३७९ मीटर येते. एवढा हिशेब घरातील शाळकरी मुलाकडून करून घ्यावा. संच एकाच जागी ठेवून हळूहळू वळवून पाहावा. आतील कांडीची दिशा जुळली की आवाज स्वच्छ होतो. मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवे यांपासून तो दूर ठेवावा, कारण त्यांची घरघर त्यात शिरते. सूर्यास्तानंतर मध्यमलहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर जातात. दिवसा न लागणारी परप्रांतांची केंद्रे रात्री ऐकू येऊ लागतात.

या संचांचा एक गुण नव्या एफ.एम. रेडिओत नाही. मध्यमलहरीचा जुना रेडिओ विजेचा कडकडाट दुरूनच ऐकतो. काटा मध्यमलहरीच्या डाव्या टोकाजवळ, जेथे एकही केंद्र लागत नाही, अशा रिकाम्या जागी ठेवावा. दूर कोठे वीज चमकली की त्यातून ‘कडक’ असा लहानसा आवाज उमटतो. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी हे आवाज विरळ असतील तर वादळ दूर आहे. ते दाट आणि मोठे होत चालले तर ते जवळ येते आहे असा अंदाज बांधता येतो. वार्ताहराच्या शब्दाविनाच संच हवामान सांगू लागतो आणि मुलांना याचे फार नवल वाटते. वादळ जवळ आले की बाहेरची तारेची एरियल आणि विजेचा प्लग काढून ठेवावा व सेलवरचा संच तेवढा चालू ठेवावा.

संग्रह म्हटला की परिग्रहाचा प्रश्न येतोच. ज्या घरांत परिग्रह-परिमाणाचे व्रत ठाऊक आहे, तेथे या छंदालाही मर्यादा घालणे अवघड जाऊ नये. पन्नास मुके संच कपाटात रचण्यापेक्षा तीन किंवा पाच संच ठरवून घ्यावेत आणि ते सर्व वाजते ठेवावेत. नवा घ्यावयाचा झाला तर आधीचा एक दुरुस्त करून कोणाला तरी द्यावा: रात्रपाळीच्या राखणदाराला, शेतावर वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबाला, डोळे अधू झालेल्या एखाद्या वृद्धाला. अशा रीतीने संच फिरता राहतो आणि मोहही आवरतो.

संचाबरोबर त्याची कागदपत्रेही जपावीत. एके काळी रेडिओ बाळगण्यासाठी सरकारी परवाना लागे. टपाल कार्यालयात दरसाल शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेवर नोंद करून घ्यावी लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. जुन्या वहीखात्यांच्या गठ्ठ्यात अशी पुस्तिका निघण्याचा संभव व्यापारी घरांत अधिक, कारण तेथे कागद सहसा टाकत नाहीत. तिच्यावर आजोबांचे नाव असते, गावाच्या टपाल कार्यालयाचा शिक्का असतो, वर्षे असतात. संच कोणी घेतला, कोठून घेतला, त्यावर काय ऐकले जाई, कोणत्या पुराच्या किंवा दुष्काळाच्या वर्षी त्याच्याभोवती गर्दी झाली, हे घरातील वृद्धांना विचारून एका जाड कागदावर लिहावे आणि तो कागद पेटीच्या आत चिकटवावा. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. दहा वर्षांनी रेडिओ विकत मिळेल. ही माहिती मिळणार नाही.

हवामान आता मोबाइलवर मिळते. हवामान विभागाचे ‘मेघदूत’, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे विजेची सूचना देणारे ‘दामिनी’, ही साधने जुन्या वार्तापत्रापेक्षा पुष्कळ अधिक सूक्ष्म माहिती देतात आणि प्रत्येक घराने ती वापरावीत. आकाशवाणीनेही अलीकडच्या वर्षांत देशातील अनेक मध्यमलहर प्रक्षेपके बंद केली आहेत. जी चालू आहेत ती किती काळ राहतील हे सांगता येत नाही. तरीही ३ जून २०२० ची आठवण ठेवावी. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि कोकणातील कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही अनेक दिवस बंद पडले. अशा वेळी दोन सेलवर चालणारा साधा संच घरात असणे ही हौस राहत नाही, ती गरज ठरते.

म्हणून येत्या दिवाळीच्या झाडझूडीत माळ्यावरचा संच खाली आला, तर त्याला भंगाराच्या गाडीवर चढवण्यापूर्वी एकदा पुसून, तपासून, दुरुस्तीकाराकडे न्यावा. तो वाजू लागला तर दुकानाच्या फळीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा जागी ठेवावा आणि हवामानाची वार्ता लागली की आवाज थोडा वाढवावा.